मामाची आटलेली बोअर आणि सॅराटोगाचे झरे

मागच्या वर्षी फेब्रुवारीत वरुडहून मामाचा फोन आला, सकाळी साडेसहाला, म्हणजे काहीतरी बिनसलंच असणार. "बाबू, तुह्या त्या हायकोर्टातल्या दोस्ताले इचार बरं, शेजाऱ्यावर केस टाकता येते काय?" झालं असं होतं की मामाच्या संत्र्याच्या बगीच्यातली जुनी बोअर, अडीचशे फुटाची, वीस वर्षं चाललेली, ती ऐन आंबिया बहाराच्या पाण्यावर नुसती हवा फेकायला लागली, आणि त्याच्या दोनच महिने आधी धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधाला लागून असलेल्या शेतकऱ्यानं सातशे फूट बोअर मारली होती आणि त्याला साडेतीन इंची पाणी लागलं होतं. त्यानं गावात पेढे वाटले. मामानं पण खाल्ला.

हायकोर्टातला दोस्त म्हणजे आमच्या नागपूरच्या रविवारच्या टोळीतला एक. टोळी म्हणजे सहा-सात जण, कोणी मास्तर, कोणी बँकेतला, एक रिटायर्ड भूगर्भवाले काका ज्यांची निम्मी नोकरी सेमिनरी हिल्सच्या ऑफिसात आणि निम्मी सातपुड्यात पायी गेली, आणि मी, जो एका गोदामाचे हिशेब बघतो. सकाळी फुटाळ्याकडे फिरणं, मग तर्री पोहे, आणि महिन्यातून एकदा कोणीतरी एक प्रकरण वाचून यायचं आणि ते पूर्ण सोलून मांडायचं. न वाचता आला तर सगळ्यांच्या पोह्याचं बिल त्याच्यावर. त्या महिन्यात नंबर माझा होता आणि माझ्याकडे विषय नव्हता.

दोस्तानं पोह्यावर तर्री ओतता ओतता मामाची केस दोन मिनिटांत निकाली काढली. म्हणे १८८२ चा सुविधाधिकार कायदा बघ, कलम ७, त्यात एक उदाहरणच दिलेलं आहे: जमिनीखालचं जे पाणी ठरलेल्या प्रवाहातून वाहत नाही, ते आपल्या हद्दीत गोळा करायचा आणि त्याचं हवं ते करायचा हक्क जमीनमालकाचा. म्हणजे शेजाऱ्यानं त्याच्या धुऱ्याच्या आत भोक पाडलं, पाणी लागलं, त्याचं झालं. मामाचं गेलं तर मामाचं नशीब. ही कल्पना इंग्लंडातून आलेली, तिकडे १८४३ मध्ये ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल नावाचा खटला झाला होता, एकाच्या सूतगिरणीच्या विहिरीचं पाणी शेजारच्या कोळशाच्या खाणीनं ओढून घेतलं आणि कोर्टानं सांगितलं की दावा नाही लागत. आम्ही सगळे गप्प. मग काका म्हणाले, "मग सॅराटोगा वाच. तिथंही हेच भांडण झालं, फक्त पाण्यात सोडा होता."

तर हे ते प्रकरण. आधीच सांगून टाकतो, मी तिकडे गेलेलो नाही, माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही, आणि वकील तर मी नाहीच.

सॅराटोगा स्प्रिंग्ज हे अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातलं छोटं शहर, अल्बनीच्या उत्तरेला साधारण ५० किलोमीटर. तिथले झरे गरम नाहीत. आपल्याला झरा म्हटलं की सालबर्डी आठवते, लहानपणी मामाच्या गावाहून महाशिवरात्रीच्या यात्रेला जायचो तेव्हा तिथलं गरम पाणी म्हणजे आम्हा पोट्ट्यांना चमत्कारच वाटायचा, कोणी चूल पेटवली नाही आणि पाणी गरम कसं. काकांनी नंतर समजावलं की त्यात ज्वालामुखी वगैरे काही नाही, जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढत जाते, पावसाचं पाणी खोल भेगेत उतरतं, तापतं, आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं, सालबर्डीच्या बाजूनं गाविलगडचा मोठा भ्रंश, म्हणजे खडकाला गेलेली मोठी चीर, गेलेला आहे म्हणून तिथं ते जमतं. उनकेश्वरचं पैनगंगेकाठचं पाणीही गरमच, लोक कातडीच्या आजारासाठी तिथं अंघोळीला जातात. सॅराटोगाचं पाणी मात्र थंडगार, खारट, आणि फसफसणारं. त्यात मीठ, बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, थोडं लोखंड, आणि मुख्य म्हणजे भरपूर कार्बन डायऑक्साइड. म्हणजे निसर्गानंच भरलेली सोड्याची बाटली.

ही बाटली कशी बनते ते समजणं महत्त्वाचं आहे, कारण पुढचं सगळं भांडण त्याच्यावर आहे. खाली डोलोमाइटचा, म्हणजे चुनखडीसारख्या खडकाचा जुना थर, त्यात पाणी आणि त्यात विरघळलेला गॅस. त्याच्यावर शेलचा, म्हणजे चिकणमातीच्या घट्ट खडकाचा थर, हे झालं बूच. आणि बाजूनं एक भ्रंश, हे झालं बाटलीचं तोंड. आपल्याकडचा गोटी सोडा आठवा, गोटी आत दाबली की काय होतं, गॅस सुटतो आणि नुसता गॅस नाही येत, तो पाण्यालाही सोबत घेऊन वर उसळतो, शर्टावर येतो. सॅराटोगाचे झरे असेच वर यायचे. गॅस हाच त्या पाण्याचा पंप होता. हे वाक्य मी टोळीत दोनदा म्हटलं कारण मला ते समजायलाच तीन दिवस लागले होते.

तिथं वस्ती कशी वाढली ती गोष्ट आपल्या कुठल्याही तीर्थासारखीच आहे. मोहॉक लोकांना ते पाणी कधीपासूनच माहीत होतं, हाय रॉक नावाचा एक झरा तर स्वतःच साठवलेल्या चुनखडीच्या शंकूच्या टोकातून यायचा, वारुळासारखा. १७७१ च्या सुमारास मोहॉकांनी विल्यम जॉन्सन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याला तिथं पाणी प्यायला आणलं असं सांगतात, त्याच्या पायाची जुनी जखम त्रास देत होती. १७८३ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन तिथं येऊन गेला आणि त्याला तो झरा विकत हवा होता, जमलं नाही. म्हणजे राष्ट्रपती व्हायच्या आधीपासून त्याची नजर प्लॉटवर होती, आपल्या बेसा-बेलतरोडीच्या लोकांसारखी.

मग गिडियन पुटनम नावाचा माणूस १७८९ मध्ये आला. आधी लाकूडतोड, मग काँग्रेस स्प्रिंग नावाच्या झऱ्याजवळ जमीन आणि एक खानावळ-कम-धर्मशाळा, मग आजूबाजूला आखलेलं गाव, रुंद रस्ता. दुसरं हॉटेल बांधताना परांचीवरून पडला, आणि १८१२ मध्ये गेला. पुढे डॉक्टर जॉन क्लार्क, ज्याचा न्यूयॉर्कमध्ये सोडा फाउंटनचा धंदा होता, त्यानं १८२० च्या दशकात काँग्रेस स्प्रिंगचं पाणी बाटल्यांत भरून विकायला सुरुवात केली. १८३० च्या दशकात रेल्वे आली आणि मग काय, हॉटेलं. ग्रँड युनियन हॉटेल त्या काळी जगातल्या मोठ्यात मोठ्या हॉटेलांत मोजलं जायचं. १८६३ मध्ये घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या, १८७० मध्ये जुगाराचं क्लब हाउस उभं राहिलं. बटाट्याचे पातळ चिप्स पण तिथंच एका हॉटेलात जन्मले अशी दंतकथा आहे, खरंखोटं जाऊ द्या, पण खारट पाण्याच्या गावाला खारट खाऊ शोभतो.

आणि या सगळ्याच्या खाली वस्ती होती ती राबणाऱ्यांची. झऱ्यावर पेले भरून देणारी पोरं, बाटल्या धुणारे, काचेची भट्टी, हॉटेलातले वेटर, गाडीवान. सगळं जुलै-ऑगस्टच्या सीझनवर. सीझन संपला की हाताला काम नाही. सोलोमन नॉर्थप हा मुक्त कृष्णवर्णीय माणूस तिथंच राहायचा, हॉटेलांत काम करायचा, व्हायोलिन वाजवायचा, आणि १८४१ च्या मार्चमध्ये, म्हणजे सीझन नसताना, दोघांनी त्याला वाजवायचं काम देतो म्हणून नेलं आणि गुलाम म्हणून विकलं, सुटायला बारा वर्षं लागली. मूळ प्रकरणाशी याचा थेट संबंध नाही. पण झऱ्याकाठची गावं म्हटलं की आपण मंदिर, कुंड, हॉटेल एवढंच बघतो, आठ-दहा महिने रिकामा बसणारा माणूस दिसत नाही, म्हणून सांगितलं.

आता मुद्द्याचं. १८७० मध्ये कोणीतरी तिथं खडकात भोक पाडलं आणि १४० फुटांवर पाणी असं उसळलं की त्याला गीझर स्प्रिंगच नाव पडलं. तोवर झरा म्हणजे देवानं दिला तिथं. आता कळलं की भोक पाडलं की झरा आपल्या मर्जीच्या जागी येतो. पाणी दाखवणाऱ्या पानाड्याचीही गरज नाही. आणि त्याच काळात अमेरिकेत सोडा फाउंटनची लाट आली, गल्लोगल्ली दुकानं, सगळ्यांना सिलिंडरमध्ये भरलेला कार्बन डायऑक्साइड हवा. मग १८९० च्या आसपास काही कंपन्यांच्या लक्षात आलं की हे पाणी विकण्यापेक्षा त्यातला गॅस विकणं फायद्याचं. त्यांनी खोल बोअर मारल्या, पंप बसवले, पाणी उपसायचं, गॅस वेगळा काढायचा, सिलिंडर भरायचे, आणि पाणी? पाणी ओढ्यात सोडून द्यायचं.

इथं मास्तर मध्येच बोलले, "म्हणजे संत्र्याचा रस काढून संत्रं फेकायचं?" नाही ना मास्तर, उलट, संत्र्याचा वास काढून रस नालीत सोडायचा.

परिणाम काय झाला ते गोटी सोड्यावरून कळेलच. पंपानं पाण्याची पातळी खाली गेली, दाब कमी झाला, गॅस खालीच सुटायला लागला, आणि ज्या गॅसच्या जोरावर पाणी वर यायचं तो जोरच गेला. म्हणजे नुकसान दुहेरी, पाणीही कमी आणि उरलेल्या पाण्यात दमही नाही. जुने झरे एकामागून एक मंदावले, काही थांबले. ज्या झऱ्यांच्या नावानं हॉटेलं होती त्या झऱ्यांवर माणसं पेला घेऊन उभी आणि वर काही येत नाही. आपल्याकडे एखाद्या कुंडाचं पाणी आटलं तर लोक म्हणतील देव कोपला, तिकडे सगळ्यांना दिसत होतं की पंपाचं घर कुठं आहे.

पण कायद्यानं पंपवाला बरोबर होता ना. त्याची जमीन, त्याची बोअर, त्याचं पाणी, १८४३ चा तोच जुना नियम. मामाच्या शेजाऱ्याचंही तेच म्हणणं आहे. "माह्या वावरात मी नाई मारू तं कोणाच्या वावरात मारू?"

न्यूयॉर्कच्या कोर्टांनी मात्र या नियमाला आधीच एक चीर पाडून ठेवली होती, आणि गंमत म्हणजे ती एका भाजीवाल्या शेतकऱ्यामुळे. फॉर्बेल नावाचा माणूस, सेलरी आणि वॉटरक्रेस म्हणजे ओलीत मागणारी पानभाजी पिकवायचा. न्यूयॉर्क शहरानं पाणीपुरवठ्यासाठी जवळ विहिरी आणि पंप बसवले, त्याच्या शेतातला ओलावा गेला, पीक गेलं. १९०० मध्ये तिथल्या वरच्या कोर्टानं सांगितलं की जमिनीच्या वापरासाठी पाणी घेणं वेगळं आणि दूर नेऊन विकण्यासाठी शेजाऱ्याची जमीन कोरडी करणं वेगळं, दुसरं वाजवी नाही. म्हणजे "माझं पाणी" पासून "वाजवी वापर" पर्यंत आले. दोस्ताचे डोळे इथं चमकले, त्याला वाटलं मामाच्या केसमध्ये हे वापरू. मग त्याच्याच लक्षात आलं की मामाचा शेजारी पाणी विकत नाही, तोही संत्रीच जगवतो. जिथल्या तिथं.

१९०८ हे साल सॅराटोगाला दोन्हीकडून लागलं. गव्हर्नर चार्ल्स इव्हान्स ह्यूज, कडक माणूस, त्याच्या कारकिर्दीत शर्यतींवरच्या सट्ट्याविरुद्ध कायदा झाला, म्हणजे गावाचा एक पाय गेला. झरे हा दुसरा पाय, तो आधीच लंगडत होता. त्याच वर्षी मे महिन्यात पंपबंदीचा कायदा झाला. आणि हा कायदा कसा लिहिला होता ते बघण्यासारखं आहे, कारण माझ्या मते अख्ख्या प्रकरणाचा जीव तिथं आहे. त्यानं बोअर मारू नका असं सरसकट म्हटलं नाही. पाणी पिऊ नका, बाटलीत भरू नका, असंही नाही. त्याचा रोख होता तो खडकातल्या या खनिज पाण्यातून गॅस वेगळा माल म्हणून काढून विकण्यासाठी चाललेल्या पंपांवर. म्हणजे बंदी भोकावर नाही, हेतूवर आणि नासाडीवर.

कंपन्या गप्प बसणार नव्हत्या. हॅथॉर्न झऱ्याच्या मालकांनी नॅचरल कार्बॉनिक गॅस कंपनीवर दावा लावला होता, तो १९०९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टात झऱ्यांच्या बाजूनं गेला, आणि राज्याच्या कोर्टांनी कायद्याचा अर्थही आवळून लावला, की दुसऱ्यांच्या सामाईक हक्काला इजा करणारा अवाजवी उपसा तेवढा बंद. मग दुसरी चाल. लिंडस्ली नावाच्या शेअरहोल्डरनं स्वतःच्याच कंपनीवर केस टाकली, की कंपनीनं हा कायदा पाळू नये, पाळला तर माझ्या शेअरचं नुकसान. त्या काळात फेडरल कोर्टात शिरायचा तो एक ठरलेला दरवाजा होता. ते गेलं थेट वॉशिंग्टनला, सुप्रीम कोर्टात, आणि १३ मार्च १९११ ला न्यायमूर्ती व्हॅन डेव्हँटर यांनी निकाल लिहिला. कंपनीच्या बाजूचं म्हणणं दोन होतं: एक, माझी मालमत्ता हिरावली, दोन, गॅसवाल्यालाच का पकडता, बाकीच्यांना का नाही.

पहिल्याला उत्तर तेलाच्या जुन्या खटल्यातून आलं, १९०० चा ओहायो ऑइल विरुद्ध इंडियाना. खाली साठा एक, वर मालक अनेक. प्रत्येकाला काढायचा हक्क आहे, पण कोणी एकानं इतकं ओढावं किंवा वाया घालवावं की बाकीच्यांचा हक्कच नाहीसा व्हावा, हे सरकार थांबवू शकतं, त्यात कोणाची मालमत्ता हिरावली जात नाही, उलट सगळ्यांची वाचवली जाते. दुसऱ्याला उत्तर असं की कायदा करताना वर्गवारी अगदी गणितासारखी बिनचूक असावी लागत नाही, ती निव्वळ मनमानी आहे हे दाखवायचं ओझं आरोप करणाऱ्यावर. हा दुसरा भाग पुढे अमेरिकेत झऱ्याबिऱ्यापलीकडे खूप वापरला गेला. दोस्त म्हणे आमच्याकडेही समानतेच्या केसमध्ये हेच सूर असतात.

टोळीत इथं जोरात वाजलं. बँकवाला म्हणाला, यात लोकहित कुठं आलं, हॉटेलवाल्यांचा धंदा वाचवला आणि गॅसवाल्यांचा बुडवला, एवढंच. खरं सांगू तर अर्धं पटतं. झरे वाचवा म्हणणारे काही साधुसंत नव्हते, त्यांची हॉटेलं होती, बाटलीचे कारखाने होते, आणि गावात जुगारही चालायचाच. पण एक फरक उरतोच. कार्बन डायऑक्साइड कोक जाळून मिळतो, आंबवणीतून मिळतो, तो दुसरीकडे बनवता येतो. सॅराटोगाचा झरा दुसरीकडे बनवता येत नाही. ज्याला पर्याय आहे त्यानं थांबावं, हे मला वाजवी वाटतं, मग वाचलेल्याचा धंदा का असेना.

पण नुसत्या कायद्यानं ते गाव वाचलं असतं असं मला वाटत नाही. १९०९ मध्ये राज्यानं आणखी एक काम केलं, झरे आणि बोअरांच्या जमिनी विकतच घ्यायला सुरुवात केली, राखीव क्षेत्र केलं. समितीचा अध्यक्ष स्पेन्सर ट्रास्क, बँकर, एडिसनच्या वीज धंद्यात पैसा लावणारा, त्याचं घर तिथंच होतं. त्याला काम बघायला मिळालं नाही, ३१ डिसेंबर १९०९ ला रेल्वे अपघातात गेला. त्याच्या जागी मित्र जॉर्ज फॉस्टर पीबॉडीनं ते पुढे नेलं. पंप बंद झाले, आणि पुढच्या काही वर्षांत झरे हळूहळू परत आले. हे मला सगळ्यात भारी वाटलं, की बाटली फुटली नव्हती, फक्त कोणीतरी सतत तोंड लावून बसलं होतं.

पुढे फ्रँकलिन रूझवेल्ट, जो स्वतः पोलिओनंतर पाण्यातल्या उपचारांवर विश्वास ठेवून होता, त्यानं गव्हर्नर असताना मोठ्या स्नानगृहांची योजना लावून धरली, ती १९३५ मध्ये उघडली. मग औषधांचा काळ आला, झऱ्याच्या पाण्यानं बरं व्हायला जाणारे कमी झाले. आजही लोक तिथं कॅन घेऊन फुकट पाणी भरतात, आणि ओढ्यातल्या एका बेटावर एक फवारा उडत असतो, त्याच्या पाण्यातला चुना साठून साठून टेकाड झालंय.

मी मांडून संपवलं तेव्हा काकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते म्हणाले, तुझ्या मामाच्या बोअरला हे लागू करायच्या आधी एक सांग, तिथं खाली एकच टाकी आहे हे सिद्ध कोण करणार? सॅराटोगात सगळे झरे एकाच भ्रंशावर, एक पंप चालला की सगळे हलले, डोळ्यांना दिसलं. आपल्याकडे काळा पाषाण, त्यात पाणी म्हणजे वरचा मुरमाड भाग आणि खाली कुठं कुठं सांधे, भेगा, फोडांचे थर. शंभर फुटांवरची बोअर शेजारच्या बोअरशी जोडलेली असेल, नसेलही. आणि सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा पट्टा, तिथली तऱ्हा आणखी वेगळी. मामा म्हणतो शेजाऱ्यानं नेलं. असेल. पण पाऊस कमी झाला असेल, नाहीतर त्याचीच भेग बुजली असेल, तर?

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडेही १८८२ वर सगळं थांबलेलं नाही. १९९३ च्या कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर घेण्यावर बंधन आणलं, आणि २००९ चा महाराष्ट्र भूजल कायदा, जो २०१४ पासून लागू झाला, त्यात अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला शेती आणि उद्योगासाठी मनाई आहे, आणि खोल विहिरीत बोअर धरलेली आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. वरुडच्या रस्त्यावर बोअरच्या गाड्या उभ्या असतात त्यांच्यापैकी कोणाला दोनशे फुटाचं सांगून बघा, हसून चहा पाजतील. विदर्भाचं कॅलिफोर्निया म्हणवणारा हा तालुका पाण्याच्या अतिउपशासाठी पण तेवढाच प्रसिद्ध आहे, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात वरुड-मोर्शीकडे उभी झाडं कशी वाळली ते ज्यानं पाहिलं तो बोअर मारणाऱ्यालाही एकदम शिव्या नाही देऊ शकत. दहा वर्षं पोसलेलं झाड डोळ्यांसमोर जात असतं. मी मामीला त्या उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याची बादली मोजताना बघितलंय. हिवरे बाजारनं सिंचनासाठी बोअर नको असं गावानंच ठरवलं आणि पाळलं, पण तिथं गाव एका बाजूला होतं. इथं धुऱ्याच्या दोन बाजूंना दोन गावं आहेत असं वाटतं कधीकधी.

असो. काकांनी एक काम मात्र सांगितलं, आणि ते मामानं केलं याचंच मला आश्चर्य. जुन्या बोअरमधली मोटर काढलेलीच होती. एका बाजूनं बंद केलेला पाइपचा छोटा तुकडा, तोंड खाली करून, नायलॉनच्या दोरीला बांधायचा आणि आत सोडायचा, पाण्याला टेकला की "डुब" असा आवाज येतो. दोरीला दर दहा फुटांवर गाठ, उरलेलं टेपनं. तारीख आणि फूट, बस. मामानं जुलैपासून पन्हेरीवाल्यानं दिलेल्या डायरीत लिहायला सुरुवात केली. जुलैत १८८, ऑक्टोबरात ९६, त्या दिवशी त्यानं फोन करून सांगितलं, जसा नातू झाला. डिसेंबरात १७५. यंदा जानेवारीच्या शेवटी २३१.

आणि मग डीपी जळली. लाइनमन आला, बघून गेला, नवीन ट्रान्सफॉर्मर यायला पाच दिवस. सगळ्यांच्या मोटरी बंद. मामा चिडून चिडून रोज दोरी सोडत होता, दुसरं काम काय. २३१ चं २२४ झालं, मग २१९, मग २१६. पाचव्या दिवशी २१४. नवीन डीपी बसली, लाइन आली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत २२९.

मामा ती डायरी घेऊन धुऱ्यावर गेला. शेजाऱ्यानं शांतपणे सगळं वाचलं, दोनदा वाचलं, आणि मग म्हणे, "दादा, या डीपीवर नऊ बोअर हायेत. माही एक. तुमची वरच्या वावरातली साडेचारशे फुटाची बी यावरच हाय ना?"

ही वरच्या वावरातली बोअर मामानं मला कधी सांगितलीच नव्हती. वकील दोस्ताला पण नाही, काकांनाही नाही. मी फोनवर काही बोललो नाही, मामाही थोडा वेळ गप्प होता, मागे मामीचा कुकर वाजत होता. मग म्हणे, "बाबू, त्या अमेरिकेच्या केसमंदी दोन्ही बाजूले एकच माणूस निंघाला तं कोर्ट काय करते रे?"

म्हटलं, रविवारी विचारून सांगतो.